सासूबाईंनी जन्मात विडी ओढली नाही, तरी सीओपीडी? घरातली हवा, बाहेरची हवा आणि एअर प्युरिफायर

कडीपत्ता
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

सासूबाई ६८ वर्षांच्या. गेले दोन हिवाळे दिवाळी सरली की खोकला सुरू होतो, तो होळीपर्यंत पाठ सोडत नाही. यंदा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागल्या तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्पायरोमेट्री सांगितली. नळीत जीव खाऊन फुंकायचं असतं ती तपासणी. बाहेर येऊन सासूबाई म्हणाल्या, "जल्मभर फुंकणीच फुंकली, आता दवाखान्यात पण फुंकायलाच लावत्यात!" रिपोर्टात सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनळ्या आकसत जाण्याचा जुनाट आजार. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "विडी, तंबाखू?" पूर्वी मिश्री लावायच्या. विडी कधीच नाही, घरातही कोणी ओढत नाही.

लग्नाआधी आणि नंतर काही वर्षं सातारा जिल्ह्यात चूल, मग लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत घासलेटचा स्टोव्ह, गॅस आला १९८९ ला. आता आम्ही चेंबूरला. खिडकीसमोर एका सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे. सकाळी पुसलेल्या गजावरून संध्याकाळी बोट फिरवलं तर करडी रेघ उमटते.

नवरा म्हणतो प्युरिफायर घेऊ. सासूबाई म्हणतात त्या पैशात गावच्या घराचे पत्रे बदला. मला आधी हे कळून घ्यायचंय की दोष कशाचा? समोरच्या धुळीचा, की जुन्या चुलीचा? प्युरिफायर घेऊन काही होतं का? आणि शेजारच्या काकूंनी डोक्यात भरवलंय की श्वासाच्या औषधाचा पंप (इनहेलर) एकदा लागला की सुटत नाही. ते कितपत खरं?

टारगट_तात्या
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धूर न करता फोडलेले.

आडवाटेचा
दोष समोरच्या धुळीचा. काय विचारता! २०२२-२३ च्या हिवाळ्यापासून मुंबईची हवा कधी कधी दिल्लीहून वाईट व्हायला लागली. शाळेत आपण खारे वारे, मतलई वारे पाठ केले. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे, रात्री उलटे. मुंबईची फुप्फुसं त्याच्याच जिवावर होती. थंडीत हे वारे मंदावले की धूळ जाते कुठे? इथेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि त्याच महिन्यात पालिकेची नियमावलीही आली. एक एकराहून मोठ्या बांधकामाभोवती ३५ फूट उंच पत्रे, पाण्याचे फवारे, डबर झाकून न्यायचं. आमच्या गल्लीत पत्रे लागले खरे, पण २५ मजली इमारतीचं प्लास्टर घासतात वरच्या मजल्यावर. पत्रा तिथे काय करणार, खाली उभा राहून बघणार?

नीलाक्षी७८
कडीपत्ता, सासूबाईंना लवकर बरं वाटो. घरात कॉइल लावता का? उदबत्ती, धूप? माझ्या लेकाला दमा आहे. आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा कॉइल बंद करायला लावली. आम्ही ती "मुलासाठी" लावायचो हो!

श्वासनलिका
पेशाने छातीविकारतज्ज्ञ, पुण्यात. इथे कुणाची चिकित्सा करणार नाही, ते ज्यांनी तपासलंय त्यांचं काम. पण प्रश्न चांगले आहेत म्हणून लिहितो.

आधी पंप. सवय लागत नाही. चष्म्याची लागते का? काढला की दिसत नाही, कारण डोळ्याचा नंबर गेलेला नसतो. सीओपीडीत आकसलेल्या श्वासनळ्या पूर्ववत होत नाहीत, म्हणून औषध चालू ठेवावं लागतं. पंपातलं औषध थेट नळीत जातं, त्यामुळे मात्रा गोळीपेक्षा कितीतरी कमी लागते. काकूंना नमस्कार सांगा आणि पंप चालू ठेवा. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंडाच्या मधली पोकळ नळी, लावून घेताहेत ना, तेही बघा. निम्म्या पेशंटांचं औषध टाळूला लागून संपतं. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींचंही तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आता दोष कशाचा. पूर्ण श्वास सोडताना पहिल्याच सेकंदात किती हवा बाहेर पडते ते त्या फुंकण्यात मोजतात. औषध देऊनही ७० टक्क्यांच्या आत आली तर नळ्या अडल्या आहेत असं धरतात. हे एका हिवाळ्यात होत नाही, वीस-तीस वर्षं लागतात. विडी न ओढणाऱ्या बाईला सीओपीडी दिसला की मी पहिल्यांदा विचारतो, "लहानपणी स्वयंपाक कशावर व्हायचा?" दोन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन भाकऱ्या थापणाऱ्या बाईचंच नव्हे, त्या बाळाचंही फुप्फुस धुरात वाढतं.

आणि मिश्रीचं हलक्यात घेऊ नका. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात तेव्हा तो धूर कोण घेतं?

पण नुकसान जुनं असलं तरी खोकला आजच्या हवेने उसळतो. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, ज्याला पीएम २.५ म्हणतात, ते केसाच्या वीसाव्या-तिसाव्या भागाइतके असतात. नाकाच्या केसांना दाद देत नाहीत. वायुकोशात उतरतात, सर्वांत बारीक कण रक्तातही शिरतात. म्हणून हृदयविकार आणि पक्षाघात याच हिशेबात येतात. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने बाहेरच्या दूषित हवेला २०१३ मध्ये पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग करतं हे सिद्ध झालेल्या. त्याच गटात तंबाखू आहे.

नीलाक्षी७८ यांचा मुद्दा लाख मोलाचा. चीन आणि मलेशियातल्या कॉइलींचा धूर मोजला होता, २००३ साली प्रसिद्ध झालं. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. दार बंद, पंखा एकवर, कॉइल पलंगाखाली. आपण सगळे असेच वाढलो.

टारगट_तात्या
१३७ सिगारेटी! आणि मला कॉलेजात एका सिगारेटीवरून बाबांनी पट्ट्याने झोडला होता. त्याच रात्री त्यांनी कॉइलही लावली होती.

माळरान
डॉक्टरसाहेब, एक नंबर लिहिलंत. मी बीड जिल्ह्यातला, आता नोकरीमुळे बाहेर.

आमच्या घरी चूल म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्यांची गंजी लागायची, ती वर्षभर पुरायची. पऱ्हाटी भडकन पेटते, भडकन विझते, म्हणून दर दोन मिनिटांनी आत सारायची. म्हणजे चुलीसमोरून हलायचं नाही. आई एका हाताने भाकरी थापायची, दुसऱ्याने सरपण सारायची. पावसाळ्यात गोवरी ओली असली की आधी पिवळट धूर निघायचा, डोळे झोंबायचे. आढ्याला काजळीची लोंबणारी जाळी होती. आम्ही भावंडं त्याला "आईची झुंबरं" म्हणायचो. आज हसू येत नाही.

सरकारने काही केलं नाही असंही नाही. १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, आमच्याकडे "निर्धूर चूल" आली. सिमेंटची, मागे धुराडं. पहिलं वर्ष झकास. मग धुराडं काजळीने बुजलं, पावसात वरची टोपी उडाली, आणि चूल पेटवली की धूर उलटा घरात. साफ करायला कोण येणार? चुलत्यांनी तिच्यावर पाण्याची घागर ठेवायला सुरुवात केली. पुढे पुण्यातल्या आरती संस्थेने चुलींवर मनापासून काम केलं हेही खरं.

मग उज्ज्वला, २०१६. आईला सिलेंडर मिळाला. चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर. भाकरी चुलीवर, आणि आंघोळीच्या पाण्याला बंब. सिलेंडर भरायला पैसे लागतात, पऱ्हाट्या रानात फुकट पडलेल्या. शिवाय वडिलांना गॅसवरची भाकरी "पचत नाही". पचत नाही ती वडिलांना, धूर जातो आईच्या नाकात. आई ६१ ची आहे. देवळाच्या पायऱ्या चढताना आता ती हात धरते.

आडवाटेचा
माळरान, पोटतिडकीने लिहिलंत, आवडलं. पण एक शंका राहतेच. सगळी चर्चा चूल, कॉइल, उदबत्ती यावर गेली की रिफायनरी, डंपिंग ग्राउंड, बिल्डर सगळे सुटले. चेंबूरच्या बाईला सांगायचं की उदबत्ती बंद कर, आणि माहुलच्या टाक्यांबद्दल अवाक्षर नाही? जानेवारी २०१६ ला देवनारचा कचरा पेटला होता, दिवसेंदिवस धुमसत होता, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ती कुणाची उदबत्ती होती?

श्वासनलिका
मान्य. पण फुप्फुसाला धूर कुणाच्या मालकीचा ते कळत नाही. देवनारच्या धुराविरुद्ध मोर्चा काढा, मी येतो. तोवर आज रात्री पलंगाखालची कॉइल काढता येते, त्याला पालिकेची परवानगी लागत नाही.

नीलाक्षी७८
मोर्चात खालच्या पट्टीत घोषणा द्या हं, दमेकऱ्यांना झेपतील अशा.

चांद्याहून
मुंबईवाल्यांची धूळ चघळून झाली असेल तर जरा चंद्रपूरला या. इकडे २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, त्यात आम्ही वरच्या नंबरात. कौतुकाने सांगायचं एवढंच. आई गच्चीवर कुरडया घालते तर वरून मलमल बांधते, आणि संध्याकाळी ती मलमल झटकली की खाली काळी पूड पडते. कोळशाचा ट्रक गेला की आमचा गल्लीवाला कुत्राही शिंकतो. तुमच्या घरातला दिवा ज्या विजेवर लागतो, त्यातली काही इथून येते. प्युरिफायरसुद्धा त्याच विजेवर चालणार, बघा बापा.

पावभक्षक
हलकेच घ्या, पण माझं दुःख वेगळं. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं. आमच्या गल्लीतल्या पावाची खालची करपट बाजू गेली. वडापावात तीच तर मजा होती. फुप्फुस वाचलं, जीभ गेली.

माळरान
तुमच्यासारखंच आमचे वडील बोलतात. फरक इतकाच की त्यांना भाकरी हवी आणि तुम्हाला पाव.

पावभक्षक
बोल्ड! गपचूप खातो.

एक_मुंबईकर
फुप्फुसाचा विषय निघालाच आहे तर कबुतरांचं कोणी का बोलत नाही? दादरचा कबुतरखाना

धागा_राखणदार
नाही. गेल्या वेळचा कबुतरांचा धागा तीनशे प्रतिसादांवर कुलूप लावून बंद करावा लागला होता. एवढंच नोंदवतो की पिसं-विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुप्फुसात ॲलर्जीची सूज येते आणि ती वेळेवर ओळखली नाही तर कायमचे व्रण पडतात. बाकी दाणे तिकडे टाका.

थेम्सकाठी
लंडनहून. इथे डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस कोळशाच्या धुराचं धुकं बसलं होतं. तेव्हाचा अंदाज ४००० मृत्यूंचा, नंतरच्या अभ्यासांत तो बाराएक हजारापर्यंत गेला. त्यातूनच १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. पण माझ्या मनात घर करून बसलीये ती अलीकडची गोष्ट. एला अडू-किस्सी-डेब्रा, दक्षिण लंडनमधल्या हमरस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची मुलगी, दमा. २०१३ मध्ये गेली. आई वर्षानुवर्षं लढली आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं. या देशात असं पहिल्यांदा झालं.

कारण नोंदवलं गेलं की ते मोजलं जातं. आपल्याकडे दाखल्यावर "हृदयक्रिया बंद पडून" एवढंच असतं. कोणाची बंद पडत नाही शेवटी?

गंमत म्हणजे इथल्या उच्चभ्रूंना आता घरात लाकडाची शेगडी लावायची हौस आलीये. विकत घेतलेलं सरपण, झगमगीत पिशवीत.

माळरान
आईला पाठवू का पऱ्हाट्या कुरिअरने? झगमगीत पिशवी लावते म्हणाली तर.

यंत्रवत
मूळ प्रश्नाकडे. प्युरिफायर.

आधी आकड्यांचा घोळ. मोबाइलवरचं ॲप बऱ्याचदा अमेरिकन मोजपट्टीवर एक्यूआय (हवा किती वाईट त्याचा निर्देशांक) दाखवतं, आपल्या पुण्यातल्या आयआयटीएम या हवामान संस्थेची सफर ही सेवा भारतीय मोजपट्टीवर. हवेत पीएम २.५ समजा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. भारतीय पट्टीवर ते १०० होतात, म्हणजे "समाधानकारक". अमेरिकन पट्टीवर दीडशेच्या वर, म्हणजे "अपायकारक". हवा तीच. आपली दिवसाची मर्यादा ६०, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. वर्षाची आपली ४०, त्यांची ५. म्हणून एक्यूआय नको, सरळ मायक्रोग्रॅम बघा.

आता यंत्र. हेपा फिल्टर बारीक कण पकडतो, यात शंका नाही. पण तो एका खोलीचा नोकर आहे, सगळ्या घराचा नाही. १२ बाय १० ची खोली, साडेनऊ फूट उंची, म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. तासाला पाचदा गाळायची तर सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर हवा गाळून देतं तो आकडा, निदान १६० हवा. खिडक्या उघड्या ठेवून चालवणं म्हणजे एसी लावून दार उघडं ठेवणं. "आयन सोडतो" असं लिहिलेलं असेल तर तो भाग बंद ठेवा, काही यंत्रांतून ओझोन निघतो. आणि वायू तो काढत नाही. कोळशाचा थर असला तर वास थोडाफार, कार्बन मोनॉक्साइड मुळीच नाही.

घेण्याआधी दोन-तीन हजारांचा कण मोजणारा डबा आणा किंवा कोणाकडून मागून घ्या. आठ दिवस घरात फिरवा. मग ठरवा.

सायली_नाशिक
मोनॉक्साइडवरून. आमच्या नात्यातली कॉलेजातली मुलगी, थंडीत न्हाणीघरात गॅस गीझर, खिडकीला गार वारा येतो म्हणून प्लायवूड ठोकलेलं. वीस मिनिटं झाली तरी बाहेर येईना. दार तोडलं तेव्हा नळ चालू आणि ही खाली. वाचली, पण पुढे महिनाभर शब्द आठवायचे नाहीत. या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. गीझर न्हाणीघराबाहेर लावा आणि आजच्या आज ते प्लायवूड काढा. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

श्वासनलिका
सायली यांना अनुमोदन. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणाऱ्यांनाही हेच.

कडीपत्ता
सगळ्यांचे आभार. अडीच आठवड्यांनी आले, कारण यंत्रवत यांचा गृहपाठ करत होते. नणंदेच्या ऑफिसातला डबा आणला आणि मी, लेक आणि सासूबाई वही घेऊन बसलो. आकडे मायक्रोग्रॅमचे.

सकाळी सहा, खिडक्या उघड्या: ७४. समोर काम सुरू झाल्यावर ११०, आणि ड्रिल चालू असताना १५० च्या पुढे. कुकरच्या शिट्टीला एकदम ४००! मी घाबरले.

यंत्रवत
ती वाफ. स्वस्त सेन्सर प्रकाश किती विखुरतो ते मोजतो, त्याला पाण्याचा थेंब आणि धूळ सारखीच. कुकरचा आकडा खोडा.

कडीपत्ता
खोडला. मिरचीची फोडणी २८०. एक्झॉस्ट पंखा चालू असला की पंधरा मिनिटांत खाली, बंद असला की पाऊण तास लागतो. आमचा पंखा आवाज करतो म्हणून आठ वर्षं कोणी लावत नव्हतं. त्याची पाती काढून सोड्याच्या पाण्यात घातली तेव्हा हाताला डांबरासारखा थर लागला.

पण खरी गोची सासूबाईंच्या खोलीत निघाली. देवघर तिथेच. सकाळी धूप आणि दोन उदबत्त्या: ५०० च्या वर, डबा पुढे मोजेचना. रात्री डासांसाठी कॉइल, दार बंद: पहाटे तीनला उठून बघितलं, ३१०. त्या वेळी गॅलरीत ८०. म्हणजे समोरच्या बिल्डरला शिव्या घालत खिडकी बंद करायचो आणि आत त्याच्या चौपट. आडवाटेचा, बिल्डर सुटला नाहीये. पालिकेच्या ॲपवर फोटोसकट तक्रार टाकली, एकदा माणूस येऊन गेला, दोन दिवस फवारे मारले, तिसऱ्या दिवशी बंद. पुन्हा टाकलीये.

देवाचं सांगायला मला धीर होईना. लेकीने वही पुढे केली. सासूबाईंनी आकडे दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "देवाला पण खोकला झाला असंल की गं." आता निरांजन आत, धूप गॅलरीत, तोही सणालाच. कॉइल बंद, मच्छरदाणी आणलीये. तिचा त्यांना आनंदच झाला, गावाकडची आठवण म्हणे. मिश्री भाजणं कधीच सुटलंय, पण शेजारीण अजून भाजते, तिला सासूबाईंनीच झापलं.

पंप स्पेसर लावून नीट चालू आहे. रात्री पहाटेचा खोकला कमी वाटतोय. कशाने ते सांगता येणार नाही, मार्च लागला की तसाही कमी होतो.

आणि हो, नवऱ्याने प्युरिफायर आणलाच, सवलत होती म्हणे. गावचे पत्रे पुढच्या वर्षी. तो सासूबाईंच्या खोलीत आहे, पण त्या दुपारी उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवतात. फोडणी पडली की त्याचा दिवा लाल होतो. काल मी आमटी केली, दिवा हिरवाच राहिला. म्हणाल्या, "मिरची कमी पडली."

टारगट_तात्या
मिरची मोजायचं यंत्र, १५ हजार. यंत्रवत, हिशेब चुकला तुमचा.

माळरान
कडीपत्ता, तो डबा चार दिवस बीडला पाठवता का? भाकरीच्या वेळी वडिलांच्या हातात द्यायचाय.

कडीपत्ता
नणंदेला विचारते. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.

नीलाक्षी७८
मच्छरदाणी डबल बेडला कुठली घेतलीत? आमची चारही खुंट्यांवरून घसरते.